बाबांच्या मागे घर, शेत आणि एफडी: आधी वारस मोजा, मग एकर

एका ताईंचा प्रश्न आला आहे, तो थोडक्यात असा. बाबा चार महिन्यांपूर्वी गेले. मृत्युपत्र सापडलेलं नाही. नागपुरात मानेवाड्याला त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं घर आहे. काटोल तालुक्यात साडेचार एकर संत्र्याचा बगीचा आहे. तो आजोबांनी 1971 मध्ये विकत घेतला होता, आजोबा 1983 मध्ये मृत्युपत्र न करता गेले आणि आता सातबाऱ्यावर एकट्या बाबांचं नाव आहे. बँकेत 12 लाखांची एफडी आहे, नॉमिनी धाकटा भाऊ. एका पतसंस्थेत 3 लाख आहेत, तिथे नॉमिनी नाही. कपाटात काही जुने कागदी शेअर सापडले. घरात आई, धाकटा भाऊ, आणि आधीच वारलेल्या मोठ्या भावाची बायको व 11 वर्षांची मुलगी. ताईंचं लग्न झालेलं आहे. बाबांची आई 88 वर्षांची आहे आणि सावनेरला मोठ्या आत्याकडे राहते. आत्या दोन. धाकटा भाऊ म्हणतो, एफडी माझीच आहे आणि घर-शेताचं सगळ्यांनी नोटरीकडे हक्कसोड करून द्या, कोर्टकचेरी नको. ताई विचारतात: वकील करावाच लागेल का? आणि मी सही करू का? मला वाटा नको, पण आईचं छप्पर राहायला पाहिजे.

ताई, आधी सहीचं सांगते, कारण तेच तातडीचं आहे. आज सही करू नका. भावावर संशय घ्या असं माझं म्हणणं नाही. तुम्ही काय सोडता आहात, किती सोडता आहात आणि कोणाच्या नावे सोडता आहात, हे अजून तुमच्या घरात कोणालाच माहीत नाही. भावालाही नाही. शिवाय स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोटरीचा शिक्का मारलेल्या कागदानं घर किंवा शेत कोणाच्याही नावे होत नाही. तो कागद पुढे फक्त भांडणात दाखवायच्या कामी येतो.

नागपूरच्या दिवाणी न्यायालयात 26 वर्षं मी वारसाहक्काची कामं करते आहे. या सगळ्या वर्षांत जी घरं मोडताना पाहिली, त्यातल्या बहुतेकांची सुरुवात एकाच जागी झाली होती: वारसांची यादी अर्धवट लिहिली गेली. कधी मुद्दाम, बऱ्याचदा अज्ञानानं. म्हणून माझ्याकडे कोणी आलं की मी मालमत्तेचे कागद बाजूला ठेवायला सांगते आणि कोऱ्या कागदावर वंशावळ काढायला लावते. मेलेली माणसंसुद्धा, लग्न होऊन गेलेल्या मुलीसुद्धा, तारखांसकट.

तुमची वंशावळ काढू. तुमच्या घरात वारस किती, असं विचारलं तर भाऊ तीन म्हणेल: आई, तो आणि तुम्ही. कायद्याप्रमाणे सहा आहेत. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात (तो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे) पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर पहिल्या वर्गातले वारस एकाच वेळी हक्कदार होतात. त्यात विधवा पत्नी येते, मुलगे येतात, मुली येतात, त्याची आई येते, आणि आधीच वारलेल्या मुलाची विधवा व मुलंही येतात. म्हणजे तुमची आई, तुमची आजी, तुम्ही, धाकटा भाऊ, वहिनी आणि पुतणी. वडील मात्र या वर्गात नाहीत, आई आहे. आजीला वाटा आहे म्हटल्यावर माझ्यासमोर बसलेली माणसं एकमेकांकडे बघतात. लेकाच्या आधी आई जाणार असं सगळे गृहीत धरतात, म्हणून लेकाच्या मागे आईचा हक्क कोणाच्या डोक्यात येत नाही.

बाबांच्या स्वकमाईच्या मालमत्तेचे पाच समान वाटे होतात: आई एक, आजी एक, तुम्ही एक, भाऊ एक, आणि मोठ्या दादाच्या शाखेचा एक. दादाचा तो एक पंचमांश वहिनी आणि पुतणीत निम्मा निम्मा, म्हणजे प्रत्येकी एक दशांश. घर, एफडी, पतसंस्थेची ठेव आणि शेअर, या चारही गोष्टींना हेच गणित लागू आहे.

शेताचं गणित वेगळं आहे, आणि तुमच्या प्रश्नातली सगळ्यांत नाजूक गाठ तिथेच आहे. आजोबांकडून आलं म्हणजे वडिलोपार्जित, असं आपण सहज म्हणतो. पण शेत आजोबांनी स्वतः विकत घेतलेलं आणि ते गेले 1983 मध्ये, म्हणजे 1956 चा कायदा आल्यानंतर. अशा वेळी त्यांची मालमत्ता त्यांच्या सगळ्या वारसांत वाटली जाते आणि ज्याच्या वाट्याला जे येतं ते त्याचं स्वतःचं होतं. सर्वोच्च न्यायालयानं 1986 च्या चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. आजोबांचे वारस कोण? आजी, तुमचे बाबा आणि दोन आत्या. चौघांना एकेक चतुर्थांश. म्हणजे कागदावर दुसरं काही निघालं नाही तर साडेचार एकरांत बाबांचे साधारण 45 आर, सव्वा एकराच्याही आत. उरलेलं आजीचं आणि आत्यांचं.

मग सातबाऱ्यावर एकट्या बाबांचं नाव कसं? याचं उत्तर काटोलच्या तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षात आहे. 1983-84 चा वारसानाचा फेरफार (वारसांची नावं चढवल्याची महसुली नोंद) काढा, त्याची प्रमाणित नकल घ्या. तीन गोष्टींपैकी एक दिसेल. एक, आजी आणि आत्या यांची नावं वारसांत लिहिली होती, पण ती 'इतर अधिकारा'च्या रकान्यात टाकली आणि पुढे सातबारा नव्यानं लिहिताना किंवा संगणकीकरणात गळली. बायकांची नावं त्या रकान्यात टाकायची पद्धतच होती. दोन, आत्यांनी तलाठ्यासमोर 'आम्हाला हिस्सा नको' असा जबाब दिला आणि त्यावरून नाव कमी झालं. तीन, आजी आणि आत्यांनी रीतसर नोंदवलेलं हक्कसोडपत्र करून दिलं होतं. तिसरी गोष्ट निघाली तर शेत बाबांचं. पहिल्या दोन निघाल्या तर आजीचा आणि आत्यांचा हक्क आजही जिवंत आहे, असं मी तुम्हाला लेखी मत देईन. सातबारा आणि फेरफार हे महसुलासाठीचे कागद आहेत. त्यावर नाव चढल्यानं मालकी येत नाही आणि उतरल्यानं जात नाही. न्यायालयांनी हे इतक्या वेळा सांगितलं आहे की आता त्यावर वाद घालण्यात अर्थ उरलेला नाही.

दुसऱ्या प्रकारचा तो जबाब माझ्याच घरात झाला आहे. माझ्या आजोबांच्या तेरवीला माझी आत्या चुलीपुढे होती. बाहेर ओसरीत तलाठी आले होते. कोणीतरी हाक मारली, "तायडे, इकडं ये वो, एक अंगठा दे." पदराला हात पुसत ती आली, अंगठा दिला, परत आत गेली. कागदावर काय होतं ते तिला कोणी वाचून दाखवलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. पुढे तिच्या घरावर वाईट दिवस आले तेव्हा माहेरच्या शेताचा तिला आधार झाला असता. ते शेत तेव्हाही कायद्यानं काही अंशी तिचंच होतं. हे मला कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना कळलं, आणि तेव्हा ती नव्हती. म्हणून सांगते, आत्यांना अंधारात ठेवून शेतावर तुमच्या सहा जणांची नावं चढवू नका. भाऊ म्हणेल, 40 वर्षं आपणच वाहतो आहे. पण एका सहहिस्सेदाराचा ताबा कायदा सगळ्यांच्या वतीनं धरतो. बाकीच्यांना उघडपणे बाहेर काढलं आणि त्यावर 12 वर्षं गेली, हे सिद्ध करावं लागतं, आणि सख्ख्या बहिणींविरुद्ध ते सिद्ध करणं फार कठीण आहे.

अजून जुना शोध घ्यावा लागलाच तर विदर्भात आपल्याकडे 1954-55 चे अधिकार अभिलेख आहेत. तुमच्या बाबतीत 1971 ची रजिस्ट्री आणि 1983 नंतरचे फेरफार एवढं पुरे व्हावं.

शेताच्या वाटणीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. बाबांचे 45 आर पाच वाट्यांत गेले तर एकेका वाट्याला 9 आर. महाराष्ट्रात बागायतीसाठी प्रमाणभूत क्षेत्र 10 आर आणि जिरायतीसाठी 20 आर आहे, त्याखाली तुकडा पाडता येत नाही. म्हणजे प्रत्यक्ष धुरे (बांध) टाकून पाच वाटे होणारच नाहीत. शेत एकत्र ठेवून उत्पन्न वाटून घ्या, किंवा काहींनी काहींच्या नावे हक्क सोडा, असाच मार्ग निघेल. सगळे तयार असतील तर महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडून वाटणी करून घेता येते. त्यासाठी दिवाणी दावा लावायची गरज नाही.

बाबांच्या हिश्श्याची वारस नोंद मात्र आत्ताच करा. महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे ही वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. तुमचे चार झाले आहेत, तरी त्यानं हक्क जात नाही. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन अर्ज करता येतो किंवा तलाठ्याकडे (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे) देता येतो. 2025 मध्ये मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. तिची सुरुवात आपल्या विदर्भातल्या बुलढाणा जिल्ह्यातून झाली. अर्ज आला की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्जात सहाही वारस लिहा. आदेश मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील आहे. ही मुदत माझ्याकडे येणारे निम्मे लोक घालवून आलेले असतात.

आता भावाची एफडी. नॉमिनी म्हणजे मालक, हा गैरसमज आपल्याकडे इतका खोल आहे की बँकेचे कर्मचारीसुद्धा तसंच सांगतात. सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्ये सरबती देवी प्रकरणात विम्याबद्दल, 2010 मध्ये रामचंदर तलवार प्रकरणात बँक ठेवीबद्दल आणि डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात शेअरबद्दल हेच सांगितलं: नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची राहते. विम्याच्या कायद्यात 2015 साली बदल झाला, त्यात आई-वडील, जोडीदार, मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर त्यांना वेगळं स्थान दिलं आहे. पण तुमच्याकडची रक्कम एफडीची आहे, तिला तो बदल लागू नाही. बँक भावाला 12 लाख देईल आणि बँकेची जबाबदारी तिथे संपेल. ते बरोबरच आहे. त्यानंतर भावाच्या हातात ते पैसे सहा जणांच्या वतीनं आहेत. आई, आजी आणि तुम्ही यांचे प्रत्येकी 2 लाख 40 हजार, भावाचे तेवढेच, वहिनी आणि पुतणीचे 1 लाख 20 हजार प्रत्येकी. हे आकडे त्याला शांतपणे लिहून दाखवा. पैसे उचलण्याआधी 'मी ही रक्कम वारसांत वाटेन' असं त्याच्याकडून लिहून घेता आलं तर उत्तम. तो अडूनच बसला आणि पैसे परस्पर जातील अशी भीती असेल तर बँकेला नुसतं पत्र देऊन उपयोग होत नाही, न्यायालयातून मनाई हुकूम आणावा लागतो.

नॉमिनी नसलेल्या खात्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं 2025 मध्ये नवे निर्देश काढले. व्यापारी बँकांत 15 लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत 5 लाखांपर्यंतच्या रकमेसाठी, वारसांत वाद नसेल तर, न्यायालयाच्या उत्तराधिकार प्रमाणपत्राशिवाय सोप्या पद्धतीनं दावा निकाली काढायचा आहे. कागद पूर्ण मिळाल्यापासून 15 दिवसांत. तुमची 3 लाखांची ठेव मात्र पतसंस्थेत आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. ती सहकारी संस्थांच्या कायद्याखाली आणि स्वतःच्या उपविधींवर चालते, त्यामुळे हे निर्देश तिला लागत नाहीत. संस्थेला लेखी अर्ज द्या आणि कोणते कागद हवेत ते लेखीच मागा. कागदी शेअरसाठी, एका कंपनीतली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर सेबीच्या नियमांप्रमाणे उत्तराधिकार प्रमाणपत्राशिवायही काम होतं. पण आधी कंपनीचं शेअरचं दप्तर सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारकडे चौकशी करा. सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल तर ते शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे गेलेले असतात आणि ते परत मिळवायचा अर्ज वेगळा आहे. बाबांच्या नावे कुठे विसरलेलं खातं आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर बघता येतं.

पतसंस्थेनं किंवा कंपनीनं उत्तराधिकार प्रमाणपत्रच मागितलं, तर इथे तुम्हाला वकील लागेल. बाबा शेवटी नागपुरात राहत होते, म्हणून अर्ज नागपूरच्या न्यायालयात, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे, 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 372 खाली करायचा. सगळी येणी एकाच अर्जात टाका: पतसंस्था, शेअर, आणि भावाशी जमलंच नाही तर एफडीही. एक रक्कम विसरली की नंतर ती प्रमाणपत्रात वाढवून घ्यायची पुन्हा धावपळ होते. बाकीच्या वारसांना नोटीस जाते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते. कोणी हरकत घेतली नाही तर साक्ष होते, रकमेप्रमाणे कोर्ट फी भरायची आणि प्रमाणपत्र मिळतं. लोकांना वाटतं हे प्रमाणपत्र हाती आलं की घरही आपल्या नावे झालं. तसं नाही. ते फक्त येणी आणि रोख्यांसाठी असतं, घर-शेताला चालत नाही. आणि ज्याच्या नावे निघालं त्यालाही ते मालक करत नाही. पैसे देणाऱ्याला संरक्षण मिळावं, एवढाच त्याचा हेतू.

मृत्युपत्राचा शोध तुम्ही घरातच घेतला असणार. दुय्यम निबंधक कार्यालयातही घ्या. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नकल, करणारा गेल्यानंतर कोणालाही मागता येते. बाबा पूर्वी आणखी कुठे राहिले असतील तर त्या गावांतही चौकशी करायला हरकत नाही. उद्या कोणी साध्या कागदावरचं मृत्युपत्र पुढे आणलं तर 'नोंदवलेलं नाही म्हणून खोटं' असं मानू नका. मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्पही लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात, आणि वाद झाला तर त्यातला किमान एक, जिवंत असेल तर, न्यायालयात उभा राहावा लागतो. नागपुरातल्या हिंदू कुटुंबांना मृत्युपत्राचं प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला) घ्यायची सक्ती कधीच नव्हती. मुंबईच्या नातेवाइकांनी सांगितलेलं इथे जसंच्या तसं लागू करू नका. आणि 'बाबा मला तोंडी बोलले होते' याला आपल्या कायद्यात मृत्युपत्राची किंमत नाही. बाबा खरंच बोलले असतील, तरी नाही.

घराकडे येऊ. मानेवाड्याच्या बाजूच्या बऱ्याच वस्त्या पुढे नियमित झालेल्या ले-आउटमधल्या आहेत. म्हणून कपाटातून चार कागद काढा: प्लॉटची रजिस्ट्री, एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) प्लॉट नियमित केल्याचं आरएल पत्र, मंजूर नकाशा, आणि महापालिकेची टॅक्स पावती. रजिस्ट्री बाबांच्याच नावे आहे ना, की नुसत्या आममुखत्यारपत्रावर व्यवहार झाला होता, हे आधी बघा. मुखत्यारपत्र माणसाबरोबर संपतं. ते देणारा किंवा घेणारा गेला असेल तर त्यावर पुढे काहीच करता येत नाही. जुन्या नागपुरात, महाल किंवा इतवारी भागात घर असतं तर आखीव पत्रिका (मिळकत पत्रिका) काढायला सांगितली असती. तुमच्या भागात जो अभिलेख असेल त्यावर, एनआयटीच्या नोंदीत आणि टॅक्समध्ये सहाही वारसांची नावं लावून घ्या. टॅक्स पावतीवरच्या नावानंही मालकी ठरत नाही, पण कागद एकमेकांशी जुळलेले असले की पुढचं प्रत्येक काम हलकं होतं.

आणि आता भावाच्या योजनेतली खरी अडचण. समजा तुम्ही सगळे आनंदानं हक्क सोडायला तयार झालात, तरी पुतणीचा हक्क सुटत नाही. ती 11 वर्षांची आहे. 1956 च्याच अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 8 प्रमाणे अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ता आईलासुद्धा जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता किंवा देता येत नाही. आणि न्यायालय परवानगी देतं ते मुलीच्या भल्यासाठी. काकाचं नाव एकट्याचं व्हावं यासाठी ती मिळणार नाही. म्हणजे मुलगी 18 वर्षांची होईपर्यंत या घरात तिचा एक दशांश राहणारच. ही गोष्ट भावाला तुम्ही सांगण्यापेक्षा वकिलानं सांगितलेली बरी, त्याला ती बहिणीची खेळी वाटायला नको. वहिनीनं स्वतःचा एक दशांश सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवरा गेलेल्या, लहान मूल असलेल्या बाईनं सासरच्या घरातला हक्क सोडला की तिच्या हातात पुढे विनवणीच उरते. असे दावे मी चालवले आहेत आणि ते चालवताना फार त्रास होतो.

एक जुनं प्रकरण सांगते. तीन भावांनी वडिलांचा प्लॉट विकला, शपथपत्रात लिहिलं की आम्ही तिघेच वारस. बहीण होती, वारली होती, तिची मुलं परगावी होती. सात वर्षांनी त्या मुलांनी दावा लावला. तोवर प्लॉट घेणाऱ्या निवृत्त शिक्षकानं आयुष्याची पुंजी घालून त्यावर दोन खोल्या बांधल्या होत्या. भावांनी पैसे खर्चून टाकले होते. न्यायालयात सगळ्यांत जास्त चपला झिजवल्या त्या शिक्षकानं, आणि त्याची चूक एवढीच की त्यानं शपथपत्रावर विश्वास ठेवला.

तुमच्या खऱ्या काळजीकडे येते, आईच्या छपराकडे. पहिली गोष्ट, आई आजच त्या घराची सहमालक आहे. तिला कोणी काढू शकत नाही, भाऊही नाही. तुम्ही भावाच्या नावे हक्क सोडलात तर त्याचा वाटा वाढेल, आईचा नाही. तुम्हाला वाटा नकोच असेल तर आईच्या नावे सोडा. दस्तात 'आईच्या लाभात' असं नाव घालून लिहा, नुसतं 'हक्क सोडला' असं मोघम नको. जवळच्या नात्यात मोबदला न घेता केलेल्या अशा हक्कसोडपत्राला महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून 500 रुपयांचा स्टॅम्प लागतो, त्यापूर्वी 200 होता. दस्ताच्या दिवशी फोटो आणि अंगठा घेतात. आणि नोंदवलेली हक्कसोड पुढे मन बदललं म्हणून परत घेता येत नाही, हे घरी जाऊन नवऱ्याशी, मुलांशी बोलून मग ठरवा. उद्या आई कोणाला घर बक्षीसपत्रानं द्यायचं म्हणाली, तर 'शेवटपर्यंत सांभाळ करावा' ही अट त्या दस्तातच लिहून घ्या. ती अट असेल आणि पाळली गेली नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरणाकडून दस्त रद्द करून मिळतो.

आजीचा एक पंचमांश मी मुद्दाम शेवटी ठेवला. आजी गेल्या तर त्यांचा वाटा त्यांच्या मुलांकडे जाईल: दोन आत्या, आणि तुमच्या बाबांच्या जागी त्यांची मुलं. म्हणजे मानेवाड्याच्या घरात दोन्ही आत्या हिस्सेदार होतील. ते होऊ नये असं तुमच्या घराला वाटत असेल, आणि आजीलाही लेकाच्या घरात वाटा नको असेल, तर त्यांनी हयातीत आईच्या नावे हक्कसोड करावी. पण हे आजीच्या मनानं व्हायला हवं. लेक गेलेली 88 वर्षांची बाई आहे ती. डॉक्टरांकडून त्या शुद्धीत, समजून उमजून निर्णय घेत असल्याचा दाखला घ्या. दस्त त्यांना मराठीत वाचून दाखवा, तोही आत्यांच्या समोर. त्यांना कार्यालयात येता येत नसेल तर कारण देऊन अर्ज केल्यास निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात. आणि आजी 'नाही' म्हणाल्या, तर तो विषय तिथेच थांबवा.

बाबांच्या कर्जाची चौकशीही करा, पीक कर्ज असेल, कोणाला जामीन राहिले असतील. वारस म्हणून तुम्ही त्यांच्या मालमत्तेतून जे मिळालं तेवढ्यापुरतेच बांधील आहात, स्वतःच्या पगारातून नाही. बाबांचं त्या वर्षीचं आयकर विवरणपत्र वारसाला भरावं लागतं. आणि बाबांचं एटीएम कार्ड कोणी अजून वापरत असेल तर आजच बंद करा. घरखर्चासाठी काढले असले तरी नंतर प्रत्येक हजाराचा हिशेब मागितला जातो.

वकिलाबद्दल. मृत्यूचा दाखला, बँकेचे दावे, वारस नोंद, टॅक्स, एवढं तुम्ही स्वतः करू शकता. दाखल्याच्या 10-12 प्रती काढून ठेवा. वकील लागेल तो हक्कसोडपत्र लिहायला, उत्तराधिकार प्रमाणपत्राला आणि पुतणीच्या हिश्श्याचा प्रश्न आला तर. फी आधी ठरवा, कोर्ट फी आणि वकिलाची फी वेगळी लिहून घ्या, पावती घ्या. 'मिळेल त्यात इतके टक्के' असं कोणी म्हणालं तर उठून या. बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. शक्यतो भावाचा आणि तुमचा वकील एक नको. पैशाची ओढाताण असेल तर लक्षात ठेवा, 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत विधी साहाय्य मिळतं. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. वहिनीला हे आवर्जून सांगा. तिथे मध्यस्थीही होते, आणि माझा अनुभव असा की तुमच्यासारख्या घरातली निम्मी भांडणं वंशावळ आणि आकडे समोर ठेवले की मध्यस्थाच्या टेबलावरच मिटतात.

या आठवड्यात दोनच कामं करा. काटोलला जाऊन 1983 नंतरच्या वारस फेरफाराच्या प्रमाणित नकलेचा अर्ज द्या. आणि रविवारी आईला, वहिनीला घेऊन सावनेरला आजीकडे जा. कागद नेऊ नका. भावालाही सोबत घ्या, आणि बाबांच्या शेताबद्दल आत्यांना काय आठवतं ते त्याच्या समोर विचारा.